रकान्याचा अर्थ कोण सांगणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वेळी समितीने ठरवलं की नुसत्या आठवणी सांगायच्या नाहीत, प्रत्येक तुकडीतल्या एकाने आपण काय काम करतो तेही सांगायचं. आमच्या तुकडीतून माझं नाव देताना ‘ही कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं गेलं. ते खरं आहे, पण अर्धंच. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कसा वापरायचा, हे मी लिहिते. मिक्सर घेतला की खोक्यात एक माहितीपुस्तिका येते, जी आपण न वाचताच कपाटात टाकतो. ती लिहिणारी माणसं आमच्याच व्यवसायातली.

गेल्या काही वर्षांत या कामात एक मोठा बदल झाला. पूर्वी आमचं लिखाण कुणी वाचत नसे, ही आमची तक्रार होती. आता एक वाचक मिळाला आहे. तो प्रत्येक शब्द वाचतो आणि वाचलेलं खरं मानून लगेच कामाला लागतो. हा वाचक माणूस नाही, यंत्र आहे. त्याच्यासाठी लिहिताना मला या शाळेच्या ऑफिसातल्या कपाटाची वारंवार आठवण होते. ती का, ते सांगते. शेवटी तुमच्याकडे एक कामही मागणार आहे.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते बघू. फोनवर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी एआयची ॲप्स आता आपल्यापैकी बहुतेकांनी वापरली आहेत. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे एजंट. एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. हाही थोडा तसाच, आपल्या वतीने कामं करणारा. तो नुसतं बोलत नाही, त्याला हत्यारं दिलेली असतात. समजा, एखाद्या कंपनीतल्या व्यवस्थापकाने विचारलं, ‘मागच्या तिमाहीत नाशिक विभागातून किती माल परत आला?’ एजंट त्या प्रश्नाचं एसक्यूएल या भाषेत रूपांतर करतो, कंपनीच्या डेटाबेसला विचारतो, आलेले आकडे वाचतो आणि साध्या भाषेत उत्तर देतो. व्यवस्थापकाला एसक्यूएलचा एक शब्दही यायची गरज राहत नाही. म्हणून सगळ्यांना हे हवं आहे.

अडचण अशी, की या एजंटने त्या कंपनीचा डेटाबेस कधी पाहिलेलाच नसतो.

आता कपाटाकडे येऊ. समजा, आज शाळेच्या ऑफिसात नवा क्लार्क रुजू झाला. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी कपाटाच्या किल्ल्या हातात देऊन सांगितलं, ‘१९८५ ते १९९५ या काळात किती मुलींनी सातवीनंतर शाळा सोडली, ते काढा.’ तो शहाणा असेल तर लगेच मोजायला बसणार नाही. कपाटात कोणकोणती रजिस्टरं आहेत ते आधी बघेल. जनरल रजिस्टर आहे, हजेरीपट आहेत, निकालपत्रकं आहेत, फीच्या पावत्यांची पुस्तकं आहेत. मग त्यातलं कामाचं रजिस्टर उघडून रकाने बघेल. मग हजेरीपटातली मुलगी आणि जनरल रजिस्टरातली मुलगी एकच आहे हे कशावरून ओळखायचं ते शोधेल. त्यासाठी रजिस्टर नंबर असतो हे त्याला कळेल. शेवटी दोन-चार नोंदी वाचून बघेल आणि त्यानंतर मोजायला बसेल.

एजंटला हेच करता यावं म्हणून जे साधन असतं, त्याला स्कीमा शोधण्याचं साधन म्हणतात. स्कीमा म्हणजे डेटाबेसची रचना : टेबलं कोणती, त्यांत रकाने कोणते, कोणतं टेबल कोणत्या टेबलाशी जोडलेलं आहे. मी ज्या साधनावर काम करते, त्यात मुख्य कामं चार आहेत. टेबलांची यादी देणं. शब्द दिला तर त्याच्याशी संबंधित टेबलं शोधून देणं. एका टेबलाचं वर्णन देणं. आणि दोन टेबलं कशी जोडायची ते सांगणं. या चारही कामांचं वर्णन लिहिणं ही माझी नोकरी.

तुम्ही विचाराल, सगळी रचना एकदमच का देऊन टाकत नाही? मोठ्या कंपनीत टेबलांची संख्या हजारांत जाते. एजंटला एका वेळी किती मजकूर नजरेसमोर ठेवता येतो याला मर्यादा असते, आणि मजकूर मर्यादेत बसला तरी ढिगातून नेमकं टेबल निवडणं अवघड होत जातं. म्हणून कपाट त्याच्यापुढे ओतायचं नाही. काय कुठे आहे ते विचारायची सोय करून द्यायची.

ही कल्पना तशी जुनी आहे. आज जगभर जे डेटाबेस वापरले जातात, त्यांचा पाया एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७०च्या एका शोधनिबंधात घातला. माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलांतूनच विचारायची, ही त्याची मांडणी. पुढे १९८५ मध्ये त्याने खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे नियम लिहिले. त्यातला चौथा नियम असा, की डेटाबेसचं स्वतःचं वर्णनसुद्धा टेबलांतच असलं पाहिजे आणि बाकीच्या माहितीसारखंच ते विचारता आलं पाहिजे. म्हणजे कपाटात कोणती रजिस्टरं आहेत, हे सांगणारं एक रजिस्टर त्याच कपाटात हवं. १९९२च्या एसक्यूएल मानकात त्याला ‘इन्फर्मेशन स्कीमा’ असं नाव मिळालं. आजही आमचं साधन पहिल्यांदा तिथेच डोकावतं.

पण तिथे मिळतं काय? टेबलाचं नाव, रकान्याचं नाव आणि त्यात अंक आहे, अक्षरं आहेत की तारीख आहे, एवढंच. त्या रकान्याचा अर्थ तिथे मिळत नाही.

एक प्रश्न विचारते. या सभागृहात कागदोपत्री ज्यांचा वाढदिवस १ जून आहे, त्यांनी हात वर करा. (बरेच हात वर होतात. हशा.)

बघा. आपल्या जनरल रजिस्टरात ‘जन्मतारीख’ असा रकाना आहे. नाव अगदी स्वच्छ, त्यात तारखाही नीट लिहिलेल्या. एजंटला विचारलं, ‘या शाळेतले विद्यार्थी सर्वांत जास्त कोणत्या महिन्यात जन्मले?’ तो क्वेरी बरोबर लिहील, बेरीज बरोबर करील आणि सांगेल, जून. आपल्याला हसू येतं, कारण आपल्याला माहीत आहे. घरी जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी मुलाकडे बघून अंदाजाने वर्ष धरलं आणि १ जून लिहून टाकलं. ती तारीख जन्माची कमी आणि शाळेत नाव घालण्याच्या हंगामाची जास्त. हे रजिस्टरात कुठेही लिहिलेलं नाही. ते गुरुजींच्या डोक्यात होतं, आणि तुमच्या-माझ्या डोक्यात आहे.

अशा वेळी मी त्या रकान्यापुढे एक ओळ लिहिते : ‘तारीख १ जून असेल तर ती प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असू शकते. जन्ममहिन्यानुसार मोजणी करण्यासाठी हा रकाना वापरू नये.’ दोनच वाक्यं. पण ही वाचल्यावर एजंट ‘जून’ असं ठोकून देत नाही. या माहितीवरून सांगता येणार नाही, असं सांगतो आणि कारण देतो.

दुसरं उदाहरण सातबाऱ्याचं. नाव बघा. सात आणि बारा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, हे माहीत असल्याशिवाय नावावरून काय कळणार? आता क्षेत्राचा रकाना घ्या. त्यात ‘१.२०’ असं लिहिलंय. हेक्टर-आर असेल तर ती एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर जमीन. तेच कुणी जुन्या सवयीने एकर-गुंठे म्हणून भरलं असेल, तर चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. आकडा तोच, जमीन अर्धी. आणि एकर-गुंठ्यांचे असे आकडे दशांश समजून बेरीज केली, तर ती बेरीजही चुकणार. एककाचा एक शब्द लिहिला असता तर हे सगळं टळलं असतं. व्यवहारातल्या डेटाबेसांतही हेच असतं. रक्कम रुपयांत आहे की पैशांत? वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची? ग्रीनिचची असेल, तर आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत झालेले व्यवहार आदल्या दिवसात मोजले जातात. ‘वर्ष’ म्हणजे जानेवारीपासून की एप्रिलपासून?

एजंटच्या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात तो नसलेल्या रकान्याचं नाव अंदाजाने लिहितो. डेटाबेस लगेच सांगतो, असा रकाना नाही. एजंट पुन्हा प्रयत्न करतो. फारसं नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रकारात रकाना असतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. इथे डेटाबेस कुरकुर करत नाही. आकडा येतो, टेबल छान दिसतं, वाक्य ठामपणे लिहिलेलं असतं, आणि समोरचा माणूस त्यावर निर्णय घेतो. मला काळजी असते ती या दुसऱ्या चुकीची. आपल्या नव्या क्लार्कला शंका आली तर तो शेजारच्या टेबलावर जाऊन विचारील. एजंटला शेजारचं टेबल नसतं. आम्ही जे लिहून ठेवलं, तेच त्याचं शेजारचं टेबल.

म्हणून या लिखाणाचं स्वरूपच बदललं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. एजंटला हत्यारं कशी जोडायची याचे ते ठरलेले नियम. त्यात प्रत्येक हत्याराचं नाव असतं, त्याला कोणती माहिती द्यायची याचा नमुना असतो, आणि साध्या भाषेत वर्णन असतं. ते वर्णन एजंट स्वतः वाचतो आणि त्यावरून कोणतं हत्यार केव्हा उचलायचं ते ठरवतो. पूर्वी माझं वाक्य बदललं तर पुस्तिका बदलायची. आता वाक्य बदललं तर यंत्राचं वागणं बदलतं.

एक नमुना देते. टेबलाचं वर्णन देणाऱ्या हत्यारासाठी कुणीही पहिल्यांदा लिहील ते असं : ‘टेबलाची माहिती मिळवते.’ वाक्य खरं आहे, पण निरुपयोगी. त्याऐवजी मी लिहिते : ‘एका टेबलातले रकाने, त्यांचे अर्थ, एककं आणि एक ओळ म्हणजे काय हे सांगते. क्वेरी लिहिण्यापूर्वी, वापरायच्या प्रत्येक टेबलासाठी हे एकदा वापरावं. टेबलाचं नेमकं नाव माहीत नसेल तर आधी शोधाचं हत्यार वापरावं. प्रत्यक्ष नोंदी यातून मिळत नाहीत.’ काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा नाही, आणि काय मिळणार नाही. मराठीच्या बाईंनी व्याख्या लिहायला शिकवताना सांगितलं होतं, की वस्तू काय आहे ते लिहा आणि काय नाही तेही लिहा. बाई समोर बसल्या आहेत. बाई, त्या शिकवणीवर माझं घर चालतं आहे.

‘एक ओळ म्हणजे काय’ हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हजेरीपटात एक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याचा एक महिना. जनरल रजिस्टरात एक ओळ म्हणजे एक प्रवेश. एखादी मुलगी शाळा सोडून गेली आणि दोन वर्षांनी परत आली, तिचं नाव नव्या क्रमांकाने पुन्हा लिहिलं गेलं, तर तिच्या दोन ओळी होतात. ओळी मोजून ‘इतके विद्यार्थी’ म्हटलं, तर ती दोनदा मोजली जाते.

मग येते रिकामी जागा. हजेरीपटात गैरहजेरीची खूण वेगळी आणि कोरा चौकोन वेगळा. कोरा चौकोन म्हणजे हजेरी घ्यायची राहिली, सुट्टी होती, की मूल तेव्हा शाळेतच नव्हतं? डेटाबेसात या कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. एखाद्या रकान्यातल्या नोंदी मोजायला सांगितल्या तर एसक्यूएल नल असलेल्या ओळी मोजतच नाही, आणि तसं करताना काही बोलतही नाही. म्हणून प्रत्येक रकान्यापुढे, जागा कोरी असेल तर त्याचा अर्थ काय, हे लिहावं लागतं.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतला फरक. मघाशी इन्फर्मेशन स्कीमाबद्दल बोलले. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसांत ती विचारणाऱ्याला फक्त तीच टेबलं दाखवते, जी बघायचा त्याला हक्क आहे. हे योग्यच आहे. पण एजंटला पगाराचं टेबल बघायची परवानगी नसेल, तर त्याला यादीत ते दिसणारच नाही, आणि तो बिनधास्त सांगेल, ‘या कंपनीत पगाराची नोंद ठेवलेली नाही.’ कपाटाच्या एका कप्प्याला कुलूप होतं, म्हणून तो कप्पाच नाही असं म्हणण्यासारखं हे झालं. त्यामुळे आमच्या साधनाच्या वर्णनात दोन वाक्यं आम्ही मुद्दाम ठेवली आहेत : ‘ही यादी तुमच्या परवानगीपुरती आहे. एखादं टेबल यादीत नाही, म्हणून ते डेटाबेसात नाही असं समजू नये आणि तसं उत्तर देऊ नये.’

हे लिहून खरंच फरक पडतो का, असं विज्ञानाचे सर विचारणार, हे मला माहीत आहे. सर, आम्ही मोजतो. उत्तरं आधीच माहीत असलेले प्रश्न तयार ठेवायचे, जुन्या वर्णनासह ते एजंटला विचारायचे, मग नव्या वर्णनासह विचारायचे, आणि दोन्ही वेळा अनेकदा विचारायचे, कारण तो दर वेळी तेच उत्तर देईल असं नसतं. मग बरोबर उत्तरं मोजायची. हे झालं आमच्या ऑफिसातलं. बाहेरचा पुरावाही आहे. हाँगकाँग विद्यापीठ आणि इतर संस्थांतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘बर्ड’ नावाची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात ९५ डेटाबेस आणि त्यांवरचे १२,७५१ प्रश्न आहेत. काही प्रश्नांना रकान्यांचा अर्थ समजावणारी टीप जोडलेली आहे. टीप न देता जीपीटी-४ या मॉडेलची सुमारे ३५ टक्के उत्तरं बरोबर आली, टीप दिल्यावर सुमारे ५५ टक्के. त्याहून बोलका आकडा माणसांचा आहे. एसक्यूएल येणाऱ्या माणसांची टीप नसताना सुमारे ७२ टक्के उत्तरं बरोबर आली, टीप दिल्यावर सुमारे ९३ टक्के. म्हणजे अर्थ न सांगता रजिस्टर हातात दिलं तर माणूसही चुकतो. त्यानंतर मॉडेलं पुष्कळ सुधारली आहेत. पण जे कुठेही लिहिलेलंच नाही, ते कितीही हुशार वाचकाला वाचता येणार नाही.

एक सावधगिरीही सांगते. लिखाण म्हणजे कुलूप नव्हे. ‘फक्त वाचावं, काही पुसू नये’ असं वर्णनात लिहून काम भागत नाही. पुसण्याचा हक्कच डेटाबेसने देता कामा नये. तसंच नमुन्याच्या नोंदींचं. रकाना समजावा म्हणून दोन-तीन नोंदी दाखवल्या तर एजंटला मदत होते. पण तो रकाना आधार क्रमांकाचा किंवा आजाराचा असेल तर? रचना सांगायची आणि माणसं झाकायची, हे साधनातच पक्कं बसवावं लागतं. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगते. वर्णन लिहायला मला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो अर्थ शोधायला. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक रकान्याला टीप जोडायची आज्ञा आहे. सोय आहे, पण मी पाहिलेल्या डेटाबेसांत त्या जागा बहुतेक कोऱ्याच असतात. मग मला माणसं शोधावी लागतात. ‘स्थिती’ या रकान्यात ७ म्हणजे काय? कुणालाच माहीत नसतं. शेवटी हिशेब विभागात तीस वर्षं बसलेले, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे एक काका सांगतात, ‘अहो, ते गोदामाला आग लागली त्या वर्षीचं. विम्याचे दावे वेगळे काढायला सात टाकत होतो.’ ही माहिती कुठल्याच टेबलात नसते. काका निवृत्त झाले की ती घरी जाते, आणि आकडा मात्र तिथेच राहतो, कुणीही काहीही समजावं म्हणून. माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे अशा काकांच्या शेजारी वही घेऊन बसणं.

आणि म्हणूनच मी आज इथे हा विषय काढला.

आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने जुनी जनरल रजिस्टरं एक्सेलमध्ये उतरवायला घेतली आहेत. फार चांगलं काम आहे. तरुण मंडळींच्या बोलण्यात आलं, की उद्या त्यावर एखादा एआय सहायक बसवू, म्हणजे कुणीही काहीही विचारू शकेल. तेही होईल, अवघड नाही. मंडळाला मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. कुणाला द्यायची, कोणत्या इयत्तेत द्यायची, हे ठरवण्यासाठी त्याच यादीला विचारलं जाणार. कुणीतरी टाइप करणार : ‘आपल्या शाळेतून किती मुलींनी गरिबीमुळे शिक्षण सोडलं?’

रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना आहे. तिथे काय लिहिलेलं असतं, ते आपण आपापल्या दाखल्यांवर पाहिलं आहे. ‘पुढील शिक्षणासाठी.’ ‘पालकांची बदली.’ ‘सतत गैरहजर.’ ‘पालकांच्या विनंतीवरून.’ ‘गरिबी’ असं तिथे कुणी लिहीत नसे. ‘लग्न ठरलं’ असंही नाही. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं, ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेली, एसटीच्या पासाला पैसे नव्हते, हे त्या रकान्यात बसतच नव्हतं. ते ‘पालकांच्या विनंतीवरून’ या दोन शब्दांत जाऊन बसलं. तेव्हा आपला एआय सहायक प्रामाणिकपणे शोधेल आणि उत्तर देईल : शून्य.

हे शून्य मला नको आहे. आमच्या वर्गात आठवीच्या सुरुवातीला चार बाकं रिकामी झाली होती. त्या मुलींची नावं आम्हाला आठवतात. बाईंना त्यांची घरंही आठवतात, कारण बाई घरी जाऊन आल्या होत्या. त्या एका रकान्याचा अर्थ सांगू शकतील अशी माणसं आज या सभागृहात बसली आहेत, आणि पुढच्या मेळाव्याला त्यातली किती असतील हे कुणी सांगू शकत नाही.

माझी विनंती साधी आहे. जेवणानंतर वाचनालयात एक टेबल मांडलेलं असेल. मी आणि आमच्या तुकडीतले दोघं तिथे बसू. रजिस्टरातल्या प्रत्येक रकान्यासाठी एक कोरा कागद असेल, आणि त्यावर पाच प्रश्न. या रकान्यात नक्की काय लिहीत होतो? कोण लिहीत होतं आणि कुणाच्या सांगण्यावरून? पद्धत मध्ये कधी बदलली का? जागा कोरी असेल तर काय समजायचं? आणि या रकान्यावरून कोणता निष्कर्ष काढू नये? सर, बाई, ऑफिसातले आपले निवृत्त काका, तुम्ही नुसतं बोला, लिहायचं काम आमचं. कोणत्याही मुलीचं नाव त्या कागदावर येणार नाही. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिताना सहसा काय काय घडलेलं असे, एवढंच येईल.

तो कागद एक्सेलच्या पहिल्या पानावर जाईल. उद्या यंत्र आलं तर ते आधी तो वाचेल. यंत्र नाही आलं तरी शाळेचा नवा क्लार्क वाचेल. आणि शिष्यवृत्ती ठरवायला बसणाऱ्या मंडळींना कळेल, की या रकान्यावरून उत्तर मिळणार नाही, त्यासाठी गावात फिरावं लागेल.

माझं काम काय आहे, असं आता कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असंच सांगा, माझी हरकत नाही. फक्त जेवणानंतर वाचनालयात या. चहाची व्यवस्था तिथेच केली आहे.